लाउंज निरीक्षक

नानांना विमानप्रवास मनापासून आवडत नाही. कानाला दडे बसतात, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात आणि खिडकी मिळालीच तर खालचं एकही गाव ओळखू येत नाही म्हणून चिडचिड होते. तरी निवृत्तीनंतर एसटीत बसले नसतील तेवढे ते विमानात बसलेत. तिकिटाशिवाय बोर्डिंग पास नाही आणि बोर्डिंग पासाशिवाय लाउंजमध्ये सोडत नाहीत, एवढं एकच कारण.

नाना माझे सासरे. साताऱ्याकडचे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत चार यत्ता काढल्यात, त्यांना विस्तार अधिकारी म्हणजे काय ते सांगायला नको. आदल्या दिवशी शाळा झाडून निघायची, फळ्यावर नवा सुविचार यायचा, हुशार पोरं पहिल्या रांगेत बसायची आणि उरलेली त्या दिवशी आजारी पडायची. मग साहेब यायचे. हजेरीपट बघायचे, दोन पोरांना पाढे विचारायचे, मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोहे खायचे आणि शेरेबुकात शेरा लिहून पुढच्या वाडीला निघायचे. पुढे शाळांतून खिचडी शिजायला लागली, तेव्हा चव नोंदवही आली. पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं घास खाऊन चव कशी आहे ते लिहून ठेवायचं. नानांनी ही नोंदवही फार मनावर घेतली. रोज 'चव उत्तम' लिहिणाऱ्या गुरुजींना ते विचारत, "गुरुजी, सोमवारीही उत्तम, मंगळवारीही उत्तम. मग मंगळवारी सुधारणा काय केलीत?"

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. सासूबाईंच्या स्वयंपाकावर पहिल्या आठवड्यात त्यांनी एक शेरा मारला. दुसरा मारायची वेळ आली नाही. वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. मग बंगळुरूच्या माझ्या मेहुण्यानं त्यांना एक क्रेडिट कार्ड घेऊन दिलं आणि पहिल्यांदा विमानात बसवताना सहज सांगितलं, "नाना, या कार्डावर लाउंज फुकट आहे. वेळ असला तर जाऊन बसा." नाना गेले. झाकण उचलून बघितलं. पोहे होते.

तिथून पुढं त्यांना नवा तालुका मिळाला.

लाउंजमध्ये जाणाऱ्यांचे प्रकार बरेच आहेत. लॅपटॉप उघडून कानात बोंडं घालून जगाला ऐकू जाईल अशा आवाजात 'आय अ‍ॅम ऑन म्यूट' म्हणणारा एक. प्लेटचा फोटो सहा कोनांतून काढून ती तशीच थंड होऊ देणारी एक. सकाळी नऊला बिअर मिळते का, असं शरमत विचारणारा आणि मिळत नाही म्हटल्यावर मनातून सुटल्यासारखा दिसणारा एक. नाना यांच्यातले कुणीच नव्हेत. नाना तपासणीला जातात. आणि हे माझ्या एकट्याच्या नशिबी आलंय असंही नाही. ऑफिसात विषय काढला तर प्रत्येकाच्या घरात एक निघाला. कुणाचे बँकेतून निवृत्त झालेले मामा, कुणाचे पाटबंधाऱ्यातले काका. एकीच्या तर सासूबाईच. उभा जन्म दुसऱ्याच्या कामावर सही करण्यात गेलेला माणूस दिसला, की त्याच्या पाकिटात चार कार्डं आहेत असं खुशाल समजावं.

लाउंज मुळात नानांसाठी काढलेलं नव्हतं. १९३९ साली न्यूयॉर्कचा लागार्डिया विमानतळ सुरू झाला, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सनं तिथं ॲडमिरल्स क्लब नावाची बैठकीची जागा काढली. विमानकंपन्यांच्या लाउंजांचा इतिहास तिथून सुरू झाला असं धरतात. निवडक, वजनदार गिऱ्हाइकांना बाहेरच्या गर्दीत ताटकळत बसायला लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. पुढं कितीतरी वर्षं लाउंज हा महागड्या वर्गाचं तिकीट काढणाऱ्यांचा मामला होता. १९९२ साली प्रायॉरिटी पास निघाला आणि तिकीट कुठल्या कंपनीचं, कुठल्या वर्गाचं हा प्रश्नच मिटला. सभासद असाल तर आत या. मग बँकांनी ही युक्ती कार्डाला चिकटवली. आपल्याकडे तर रुपेच्या प्लॅटिनम डेबिट कार्डालाही तिमाहीत एकदा देशांतर्गत लाउंज मिळायला लागलं. म्हणजे ज्या खात्यात पेन्शन पडते, त्याच खात्याचं कार्ड दाखवून आत.

हा इतिहास मी नानांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. म्हणाले, "म्हणजे आधी साहेबलोकांचं होतं, आता जनतेला खुलं झालं. चांगलं झालं." आणि आजूबाजूला बघत पुढच्याच वाक्यात, "पण हल्ली कुणालाही सोडतात हो."

दारातल्या टेबलाशी कार्ड देताना नानांचा चेहरा गंभीर असतो. यंत्रात कार्ड घातलं की दोन रुपये कापले जातात. कार्ड जिवंत आहे का, या तिमाहीतल्या फेऱ्या शिल्लक आहेत का, याची ती परीक्षा. खरे पैसे, म्हणजे आत जाणाऱ्या दर डोक्यामागची ठरलेली रक्कम, बँक मागाहून लाउंजला पोचती करते. बँक ते कुठून आणते? कार्डाच्या वार्षिक फीतून, बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून आणि दुकानदार दर खरेदीमागे जो कट देतो त्यातून. दुकानदार तो कट किमतीत धरतोच. हे गणित नानांना तोंडपाठ आहे. त्यामुळे कुणी 'फुकट' म्हटलं की ते उखडतात.

"फुकट कसलं? आपलेच पैसे आहेत ते. फिरून फिरून दमून येतात, म्हणून ओळखू येत नाहीत."

तर पैसे आपले, सबब तपासणीचा अधिकार आपला. इथं नानांच्या विचारसरणीचा पाया आहे. घरी विकत आणलेला नासका आंबा ते मुकाट्यानं कापून खातात. लाउंजमधल्या कलिंगडाच्या फोडीत मात्र बी निघालं तर वहीत नोंद होते.

पोचण्याची वेळ हे त्यांचं शास्त्र आहे. बहुतेक ठिकाणी साडेदहा-अकराला न्याहारी आवरायला घेतात आणि बाराच्या पुढं जेवण मांडतात. मधला तासभर टेबलावर बिस्किटं, फळांच्या फोडी आणि चहाचं यंत्र. नाना या वेळेला 'मधली सुट्टी' म्हणतात. नवखा माणूस नेमका मधल्या सुट्टीत येतो. नाना सव्वादहाला आत असतात. न्याहारी तपासून होते, मधल्या सुट्टीत तीन पेपर होतात, आणि जेवणाची झाकणं उघडतात तेव्हा नाना प्लेट पुसत उभे. मुक्कामाची मर्यादा दोन-तीन तासांची असते. त्यातलं एक मिनिट वाया जात नाही. पुण्याहून बंगळुरूला थेट विमान आहे, दीड तासाचं. नाना हैदराबादवरून जाणारं निवडतात. "मध्ये जरा पाय मोकळे होतात," असं ते सांगतात. पाय कुठं मोकळे होतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आत गेल्यावर ते प्लेट उचलत नाहीत. आधी मोकळ्या हातांनी एक फेरी. हात पाठीमागं बांधलेले, चष्मा नाकावर जरा खाली. एकेका भांड्यापुढं थांबायचं, झाकण उचलायचं, वाफ बघायची, नावाची पाटी वाचायची, पाटी आणि पदार्थ यांचा मेळ बसतो का ते बघून झाकण ठेवायचं. हे दृश्य बघून भांड्यामागची पोरं आपोआप सरळ उभी राहतात. दक्षिणेतल्या एका विमानतळावर तर लाउंजचा मॅनेजर टाय सावरत धावत आला. त्याला वाटलं, अन्नसुरक्षेच्या खात्यातून कुणीतरी न सांगता आलंय. नानांनी त्याचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही.

"पट किती?" नानांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

मी भाषांतर केलं. मॅनेजर म्हणाला, "बसायची व्यवस्था एकशे वीस जणांची आहे, सर."

"आणि हजर?"

मॅनेजरनं हॉलवर नजर फिरवली. खुर्च्यांच्या हातांवर, खांबांना टेकून, बॅगांवर, सगळीकडे माणसं होती. दाराबाहेर रांग होती ती वेगळीच. गर्दी टाळायला काढलेल्या जागेबाहेर गर्दी, आणि बाहेर गेटजवळच्या साध्या खुर्च्या रिकाम्या. "दोनशेच्या आसपास असतील, सर."

"दीडशे टक्क्यांच्या वर उपस्थिती," नाना मला म्हणाले. "उभ्या नोकरीत अशी शाळा बघितली नाही."

पोह्यांबद्दल त्यांचा अधिकार मोठा आहे आणि तिथं मीही त्यांच्या बाजूचा आहे. पोह्यांचा जीव दहा मिनिटांचा. कढईतून थेट बशीत आले तर ते पोहे. गरम पाण्यावर ठेवलेल्या चौकोनी भांड्यात झाकून पडले की अर्ध्या तासात वरचा थर वाळतो, खालचा गिच्च होतो आणि शेंगदाणे मऊ पडतात. इडलीचं उलटं. झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन परत इडलीवरच टपकते. मेदुवडा तासाभरात चामट. लाउंजचा स्वयंपाक सहसा वाईट नसतो, खोळंबलेला असतो. आणि खोळंबून सुधारणारे पदार्थ थोडेच: राजमा, छोले, काळी डाळ. म्हणून देशाच्या कुठल्याही टोकाला जा, ते तिथं आहेतच. त्यांच्या शेजारी पनीर. पनीर तासन्‌तास लाल रश्शात पडून राहतं, आकार सोडत नाही आणि कुणाच्या भावना दुखावत नाही. नाना त्याला 'कायम सेवेतला कर्मचारी' म्हणतात.

बाहेर पडताना काही ठिकाणी अभिप्रायासाठी पडदा ठेवलेला असतो. एक हसरा चेहरा, एक मख्ख, एक रडका. हवा त्यावर बोट ठेवा. नानांना हा प्रकार अपमानास्पद वाटतो. "तीन तोंडांत शेरा कसा मावणार?" म्हणून ते स्वतःची वही बाळगतात. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, लाल शाईनं रकाने आखलेली: दिनांक, विमानतळ, न्याहारी, भोजन, चहा, बैठक, स्वच्छतागृह, शेरा. ती वही मी एकदा त्यांच्या परवानगीनं वाचली. विमानतळांची नावं झाकून काही नोंदी देतो.

'उपमा: आहे. चव: नोंद घेण्यासारखी नाही.'

'सांबारात शेवग्याची शेंग आढळली. संबंधितांचे अभिनंदन.'

'चहा: यंत्राचा. यंत्रास प्रशिक्षणाची गरज.'

'पास्ता: मुलांना आवडतो असे सांगण्यात आले. मुले आढळली नाहीत.'

'गुलाबजाम: दोन खाल्ले. पडताळणीसाठी तिसरा.'

'सूप: टोमॅटोचे. टोमॅटोबाबत खात्री करता आली नाही.'

'कर्मचारी: नम्र. एक मुलगा वाईचा निघाला. त्याने आतून ताजे पोहे आणून दिले. सदर बाब नियमबाह्य असल्याने पोहे फक्त एकदाच घेतले.'

नानांची तत्त्वं कडक आहेत, हे इथं सांगितलं पाहिजे. लाउंजमधून खायचं काही बाहेर न्यायचं नाही असा नियम असतो आणि तो ते पाळतात. पर्समध्ये मफिन कोंबणाऱ्या बायका आणि खिशात कोल्ड्रिंकचे डबे सरकवणारे पुरुष बघून त्यांना खरंच वाईट वाटतं. नाना जे काही नेतात ते पोटातून. साखरेच्या पुड्या मात्र नेतात. त्या खाद्यपदार्थात मोडत नाहीत, 'किरकोळ साहित्य' या सदरात मोडतात, असं त्यांचं मत आहे.

आता आरामाचं. लाउंजचं निम्मं नाव आरामावर चालतं. ऐसपैस सोफे असतात, मंद दिवे, कुठं कुठं पाय लांबवायच्या आरामखुर्च्या. नानांना यातलं काही लाभत नाही. सोफा फार खोल. बसलं की भांडी दिसत नाहीत. आरामखुर्ची भिंतीकडं तोंड करून. डोशाचा तवा कधी लागतो ते कळत नाही. म्हणून ते शोधून शोधून एक सरळ पाठीची खुर्ची धरतात, जिथून जेवणाचं टेबल, चहाचं यंत्र आणि उड्डाणांचा फलक हे तिन्ही नजरेच्या टप्प्यात येतात. तिथं ताठ बसतात. मांडीवर वही. तीन तासांनी उठतात तेव्हा पाठ धरलेली असते.

सासूबाईंचं वेगळं. त्या आत शिरल्या की पहिला रिकामा सोफा गाठतात, चपला काढतात, पाय वर घेतात. पिशवीतून डबा निघतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं कागदात बांधून. चार घास खातात, बायकोला दोन देतात, मला एक. मग पदर तोंडावर ओढून झोपतात.

"अगं, तिकडं एवढं मांडलंय," नाना कळवळून म्हणतात.

"मांडलेलं तुम्ही बघा. मला पडू द्या."

"निदान चहा तरी बघ."

"तुम्ही बघितलात ना? कसा आहे?"

"बेताचाच."

"मग मी कशाला उठू?"

आणि घोरायला लागतात. आमच्यात लाउंज वापरावं तसं वापरणाऱ्या त्या एकट्या. तेही त्या दोन रुपयांतच.

एकदा मेहुण्यानं दोघांना परदेशी नेलं होतं. वाटेत मध्यरात्री विमान बदलायचं होतं आणि तिथल्या लाउंजमध्ये आंघोळीची खोली निघाली: मऊ टॉवेल, गरम पाणी, साबणाच्या इवल्या बाटल्या. नानांनी रात्री दोनला आंघोळ केली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, घरून आंघोळ करून निघालात ना?" नाना केस पुसत म्हणाले, "ती घरच्या पाण्यानं."

विमान या सगळ्यात कुठं येतं? शेवटी येतं. मुंबईच्या टी-टूसारख्या ठिकाणी हल्ली प्रत्येक उड्डाणाची हाक कर्ण्यावरून देत नाहीत. आपण फलक बघत राहायचं. नानांचा जन्म शाळेच्या घंटेवर गेला, त्यामुळे घंटा होत नाही तोवर तास संपला असं त्यांना वाटत नाही. गेट उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, हे त्यांना मी छापील कागदावर दाखवलंय. तरी एकदा आम्ही शेवटचे प्रवासी म्हणून धावत गेटवर पोचलो. मी बॅग ओढतोय, बायको आईला ओढतेय, आणि नाना मागून येताहेत, हातात काही नाही पण तोंडात काहीतरी. विमानात बसल्यावर म्हणाले, "आइस्क्रीम त्यांनी आत्ताच बाहेर काढलं होतं हो." हा तक्रारीचा सूर होता. माझ्याबद्दलच्या.

पण नानांचा खरा पराक्रम ३० जूनच्या रात्रीचा. कार्डावरच्या फेऱ्या तिमाहीला मोजतात. ३० जूनला एक तिमाही संपते, १ जुलैला दुसरी लागते. मध्यरात्रीनंतरचं विमान त्यांनी मुद्दाम निवडलं. रात्री अकराला एप्रिल-ते-जूनची शेवटची फेरी वापरून दोघं आत गेले. रात्रीचं जेवण तपासलं. बाराला पाच मिनिटं असताना नानांनी सासूबाईंना उठवलं, बाहेर आणलं, दारासमोरच्या कठड्याशी उभं केलं आणि घड्याळ बघत राहिले. बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा टेबलापाशी.

टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, आपण आत्ताच तर बाहेर गेलात."

"ते मागच्या तिमाहीत," नाना म्हणाले.

कार्ड लागलं. दोन रुपये गेले. वहीत नव्या पानावर नोंद आहे: 'प्रथम तपासणी, तिमाही दुसरी. कटलेट तेच. मागील त्रुटींची पूर्तता झालेली नाही.' सासूबाई त्यानंतर चार दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पण ती नोंद वहीत नाही.

बँकांना बहुधा असे नाना परवडेनासे झाले. २०२३ सालच्या अखेरीपासून एकेक बँक अट घालायला लागली: आधीच्या तिमाहीत कार्डावर अमुक इतका खर्च करा, तरच पुढच्या तिमाहीत लाउंज. कुठं ३५ हजार, कुठं ५० हजार, काही कार्डांना तर लाख. नानांच्या कार्डाला ५० हजारांची अट लागली. ही बातमी त्यांनी खचून न जाता घेतली. उद्दिष्ट, निधी, खर्च ही त्यांची भाषा. अटींचं पत्रक भिंग लावून वाचलं. घरभाडं धरत नाहीत, वॉलेटमधला भरणा धरत नाहीत, पेट्रोल धरत नाहीत. तिन्हींखाली लाल रेघ मारली. आणि उरलेल्या जगाकडं मोर्चा वळवला.

तेव्हापासून आमच्या नात्यात कुणी काही विकत घ्यायला निघालं की फोन येतो, "थांबा, माझं कार्ड आहे." आत्याबाईंचा फ्रीज नानांच्या कार्डावर. भाच्याचा मोबाइल नानांच्या कार्डावर. माझ्या स्कूटरचे दोन्ही टायर त्यांच्या कार्डावर, त्यातला एक अजून चांगला होता. सगळे मागाहून पाकिटात घालून रोख देतात, नाना पाकिटावर नाव आणि रक्कम टाकून ठेवतात. मी एकदा धीर करून म्हटलं, "नाना, पन्नास हजार खर्चायचे आणि दीडशे रुपयांचे पोहे खायचे?" त्यांनी माझ्याकडं नापास मुलाकडं बघावं तसं बघितलं. "खर्च ते करणारच होते, जावईबापू. मी फक्त वळण दिलं."

एका वर्षी मात्र गणित चुकलं. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत पुतण्याचं लग्न होतं आणि नानांचा सगळा भरवसा कार्यालयाच्या बिलावर. मालक म्हणाला, कार्ड नको, रोख द्या. नानांनी त्याला डिजिटल व्यवहारांचं महत्त्व अर्धा तास समजावलं. तो ऐकत होता आणि नोटा मोजत होता. मार्चअखेर निधी खर्ची पाडण्याचा उभ्या जन्माचा अनुभव असलेला माणूस, पण ३१ मार्चच्या रात्री साडेअकरा हजार कमी पडले. त्या रात्री ते दहा वाजता मिक्सर घ्यायला निघाले होते. दुकानं बंद झाली होती.

लगेच एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघं रामेश्वर करून चेन्नईमार्गे परतत होतो. रुपेची फेरी जाताना पुण्यालाच वापरून झालेली, क्रेडिट कार्डाचं दार बंद. नाना चेन्नईच्या विमानतळावर आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोचले, म्हणजे फक्त दीड तास आधी. हातात वही होती, पण बंद. पाटीवरचा लाउंजचा बाण दिसल्यावर त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

बायकोला ते उडान यात्री कॅफे दिसलं. विमानतळावरच्या महागाईवर लोक ओरडायला लागल्यावर सरकारनं डिसेंबर २०२४मध्ये कोलकात्याला पहिलं काढलं, मग फेब्रुवारीत चेन्नईला. दहा रुपयांत चहा, वीस रुपयांत सामोसा. बसायला सोफा नाही, दिवे मंद नाहीत, झाकणं नाहीत. चार चहा, चार सामोसे घेतले. सामोसे गरम होते. सासूबाईंनी डबा उघडलाच नाही, त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "आज चहा बरा आहे हो."

मी खिशातून पैसे काढायला लागलो तर नानांनी माझा हात धरला. "थांबा."

पाकीट निघालं, कार्ड निघालं. गल्ल्यावरच्या मुलानं खुणेनं क्यूआर दाखवला. नानांनी मान हलवली आणि कार्ड पुढं धरलं. यंत्र वाजलं. मोबाइलवर संदेश आला, तो त्यांनी चष्मा वर करून वाचला, वही उघडली आणि उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं. सामोशावर शेरा असेल म्हणून मी डोकावलो. नुसते आकडे होते.

"नवी तिमाही आहे," नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रंग आला होता. "एकशे वीस गेले. राहिले एकोणपन्नास हजार आठशे ऐंशी. तुमच्या गाडीचा विमा कधी संपतोय, जावईबापू?"